बोगोटातल्या ताईला जाहीर थँक्यू

ताई,

नाव टाकू नको म्हणालीस म्हणून टाकत नाही, पण तुझे आभार फोनवर मानले की तू विषय बदलतेस, तेव्हा आता सगळ्यांसमोरच लिहितेय, वाच गुपचूप.

ओळख ना पाळख, वहिनीच्या मैत्रिणीची तू मैत्रीण, एवढ्या धाग्यावर मी तुला मेसेज टाकला की आईबाबांना घेऊन बोगोटाला येतेय. कोलंबिया म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर ड्रग्ज आणि बंदुका, काकाने तर बाबांना स्पष्टच विचारलं की इतकं आयुष्य झालं, आता कुठे जीवावर उदार होताय. दुसरीकडे, तिथे फिरून आलेली मंडळी म्हणायची, काय नाय होत, बिनधास्त जा. दोघांचाही उपयोग शून्य. तू तसलं काहीच बोलली नाहीस, तू नेमकं सांगितलंस. कान्देलारियात, म्हणजे जुन्या शहरात, दिवसा खुशाल फिरा, अंधार पडला की टॅक्सी, तीही रस्त्यावर हात करून नाही तर ॲपवरून. फोन बघायचाय तर आधी दुकानात शिरा, मग बघा. मोन्सेराते, तो शहराला लागून असलेला देवळाचा डोंगर, पायवाटेने चढू नका, केबल कार किंवा फ्युनिक्युलरनेच (दोराने ओढतात ती डोंगरावरची रेल्वे) जा, आणि शक्यतो रविवारी नको कारण देवळात येणाऱ्यांची तोबा गर्दी असते. एवढं डोक्यात बसलं की बाकी वेळ माणूस मोकळा, नाहीतर सतत पर्स छातीशी धरून शहर काय दिसणार कपाळ!

पहिल्या दिवशी काही करायचं नाही, पडून राहायचं, हे तू दटावून सांगितलंस तेव्हा बाबांना ते पटलं नव्हतं, कळसूबाई केलेला माणूस ना. मग तू त्यांना हिशोब घातलास की काका, बोगोटा २६४० मीटरवर आहे, कळसूबाईच्या टोकावरून अजून जवळजवळ हजार मीटर वर म्हणजे तुमचं हॉटेल. मग झोपले गपचूप! आईला धाप लागत होतीच, ती दुसऱ्या दिवशी बरीच कमी झाली, आणि मोन्सेराते तू मुद्दाम शेवटी ठेवायला लावलंस ते का ते ३१५२ मीटरवर पोचल्यावर कळलं.

पण बाबा तुझे फॅन झाले ते पत्त्यांमुळे. डोंगर दिसतोय ती पूर्व. डोंगराला समांतर जाते ती कारेरा, डोंगराकडे चढत जाते ती काय्ये. पत्ता काय्ये १२, ५-३० असा असेल तर बाराव्या काय्येवर, पाचव्या कारेराच्या कोपऱ्यापासून साधारण तीस मीटर. झालं, मॅपची गरजच नाही. बाबांनी हे नॅपकिनवर काढून घेतलं आणि तिथून पुढे प्रत्येक चौकात आम्हालाच लेक्चर. रविवारी तर ते एकटेच बाहेर पडले, सिक्लोव्हिया बघायला, सकाळी सात ते दुपारी दोन शंभरेक किलोमीटरच्या वर रस्ते गाड्यांना बंद आणि सायकली, स्केट्स, कुत्री, आज्या सगळे रस्त्यावर, आणि हे १९७४ पासून चाललंय म्हणे. आपल्याकडे कुठल्याही मोठ्या रस्त्यावर एक रविवार करून दाखवा म्हणावं.

आईसाठी तू स्पॅनिशमध्ये लिहून दिलेली चिठ्ठी अजून तिच्या पर्समध्ये आहे. नुसतं मांस नको सांगितलं की तिथे चिकन आणून ठेवतात, म्हणून तू एकेक लिहिलंस, चिकन नको, मासे नकोत, आणि खाली अधोरेखित करून, कोंबडीच्या पाण्यात उकळलेलं सूपही नको. वाढणाऱ्या बाई ती चिठ्ठी आत घेऊन गेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या आहियाको, म्हणजे तिथलं कोंबडी-बटाट्याचं सूप, मग विसरा (तुझा व्हॉइस नोटवरचा अनुवाद!), आणि आईसमोर पाताकोनेस म्हणजे कच्च्या केळ्याच्या तळलेल्या चपट्या चकत्या, अवोकाडो आणि मक्याच्या जाडसर भाकरीसारखी आरेपा आली. ला पुएर्ता फाल्सा, ते कॅथेड्रलजवळचं १८१६ पासूनचं इवलंसं हॉटेल, तिथे गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे टाकून ते वितळल्यावर चमच्याने काढून खातात. मी नाक मुरडलं, आईने दुसरा कप मागितला. आणि पालोकेमाओ मार्केटात टेपारी दिसली तेव्हा तर तिने भाजीवाल्याशी मराठीतच घासाघीस केली.

म्युझिओ देल ओरो, म्हणजे सोन्याचं म्युझियम, सोमवारी बंद असतं हे तू सांगितलं नसतंस तर आमचा दिवस फुकट गेला असता, रविवारी फुकट असतं हेही सांगितलंस पण गर्दी नको म्हणून आम्ही मंगळवारी गेलो. तो मुइस्का लोकांचा (तिथले मूळ रहिवासी) सोन्याचा तराफा, जेमतेम वीतभर, मधोमध मोठा सरदार आणि भोवती छोटी छोटी माणसं, सगळं सोन्याच्या तारेसारखं बारीक काम. १९६९ मध्ये शेतकऱ्यांना गुहेत सापडला, मातीच्या भांड्यात. आई म्हणे, गाडग्यातच पुरतात गं सगळीकडे.

आणि त्या रोसारिओच्या चौकातले पाचूवाले! कोट घातलेले बाप्ये घोळक्याने उभे, खिशातून पांढऱ्या कागदाची पुडी काढतात, घडी उलगडतात, आत हिरवे खडे. बघा वाट्टेल तेवढं, घ्यायचं काही नाही, ही तुझी ताकीद होती म्हणून बाबा चष्मा वर करून आरामात बघत बसले, पाकीट हॉटेलात. त्या माणसानेही हौसेने दाखवलं, राग नाही काही नाही.

तू ऑफिस, दोन पोरं सांभाळून रात्री आमच्या शंकांना उत्तरं देत होतीस हे मला तुझ्या नवऱ्याकडून कळलं, तू कधी जाणवू दिलं नाहीस. गोडा मसाला आणि मेतकूट पाकीटबंद करून ठेवलंय, तुमच्याकडे येणारं कुणी असेल तर कळव, नाहीतर मी शोधतेच. भाऊजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
नाशिकची पाहुणी