टेप तुझीच आहे

प्रिय लंबू,

आठ महिने पत्र नाही, फोन उचलत नाही, म्हणजे मी मेलोच असणार असं तू आबांना म्हणालास म्हणे. मेलो नाहीये, लाजलोय. काल मी रबराची झाडं मोजली.

लागवडीच्या वेळचं भांडण आठवतंय ना? तू म्हणत होतास ओळींच्या मध्ये केळी लाव, मी म्हणत होतो केळी खत खाईल, पाणी पिईल, रबर खुरटेल. शेवटी आबांनी वाटणी केली, पुढचं रान तुझ्या मताचं, मागचं माझ्या. चार वर्षं झाली. जमिनीपासून सव्वा मीटरवर टेप गुंडाळत गेलो तर पुढची झाडं 36, 37, एक तर 39 सेंटिमीटर. मागची 29, 30. आधी वाटलं टेपच ताणली गेलीय, परत मोजलं, तेच. चीक काढायला घेर 50 लागतो, म्हणजे तुझी झाडं दोनेक वर्षांत तयार आणि माझी अजून पोरंच. केळीने काही खाल्लं नाही रे, उलट केळीला घातलेलं खत, केलेली खुरपणी रबराला फुकटात मिळाली. माझ्या बाजूचं गवताने खाल्लं. मान्य केलं, झालं समाधान? हे पत्र जपून ठेव, परत लिहून देणार नाही.

पण झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. पुढच्या रानात फांद्या वर एकमेकींत शिरल्यात, भर दुपारी खाली नुसते कवडसे. केळी संपली, यंदा हळद लावली तर पाला बक्कळ आणि खाली बोटभर गड्डे. म्हणजे आंतरपिकाचा पैसा बंद आणि चिकाचा अजून सुरू नाही. आणि इथेही तूच बरोबर निघतोस साल्या. मी ओळी 7 मीटरवर, झाडं 3 मीटरवर लावली, हेक्टरी 476. तू बिडीच्या पाकिटावर हिशोब मांडलास की दोन ओळी 3 मीटरवर जोडून लाव, झाडं अडीच मीटरवर, मग 16 मीटर मोकळं सोड, तरी 421 बसतात आणि मधल्या पट्ट्यात पुढेही ऊन राहतं. मी म्हटलं 55 झाडं काय तुझा बाप देणार? काकू आत होत्या, त्यांनी ऐकलं, आजही मला चहा विचारत नाहीत.

आता दादा म्हणतो दर तिसरी ओळ काप. अरे वीस-पंचवीस वर्षं चीक देणारं झाड चौथ्या वर्षी कसं कापू, आणि शेजारच्या फांद्या दोन पावसाळ्यांत ती फटही बुजवणार. कोको सावलीत येतो म्हणतात, पण फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोग रबराची पानंही गाळतो आणि कोकोची फळंही कुजवतो, दोघांना एका घरात कसं ठेवू. कसावा लावावा तर रबराची पांढरी मुळकूज त्याच्यावरही पोसते. राहिली कॉफी, ती फळायला तीन वर्षं, तोवर चीक सुरू झालेलाच असेल, मग तिचा या अडचणीला काय उपयोग? रात्री दोनला उठून हेच गणित करतो. वर्षातून एकदा रबर पानं झाडतं तेवढे काही आठवडे खाली लख्ख उजेड असतो, परवा तिथे जाऊन नुसता बसून राहिलो, बायको म्हणाली वेड लागलंय.

आईचा गुडघा तसाच, माझं बीपी बरं. नोकरी बदललीस ते कळलं, छान झालं. धाकटी चालायला लागली का? फोटो पाठव, मागचा तुझ्याच अंगठ्याचा होता.

आणि ये. दादाने करवतीला धार लावून ठेवलीय, मी त्याला सांगितलंय लंबू येऊन बघेपर्यंत एका झाडाला हात लावायचा नाही. टेप तुझीच आहे, काकूंच्या शिवणाच्या डब्यातून तूच ढापलेली. येशील तेव्हा तूच नेऊन दे त्यांना, माझी हिंमत नाही.

तुझा,
ठोंब्या