भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

पित्ताशयाच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले. पेढे सर्जनसाहेबांना मिळाले, फुलं वॉर्डातल्या सिस्टरना. भूल देणाऱ्याला कोण लक्षात ठेवतं? पेशंट झोपलेलाच असतो!

मी मात्र आदल्या संध्याकाळची ती पाच मिनिटं विसरणार नाही. तुम्ही स्टूल ओढून बसलात. बीपी, शुगर, हलणारे दात, सगळं विचारून झालं, फाइल मिटलीत आणि मग म्हणालात, "ताई, काम काय करता?" परळच्या शाळेत गणित शिकवते, म्हटलं, वर्गात साठ पोरं आणि खिडकीबाहेर लोकल. तुम्ही फाइल पुन्हा उघडलीत आणि लाल पेनाने वर लिहिलंत, 'आवाज'.

सहा वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्या वेळी, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, हे कुणी विचारलं नव्हतं. नऊ दिवस थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. वर्गात डस्टर आपटून पोरांना गप्प करायचे. तक्रार केली तर उत्तर काय, "भूल देताना घशातून श्वासाची नळी घातली की होतंच असं. गरम पाणी प्या." होतंच असं!

दर वेळी व्हायलाच हवं असं नाही, हे तुमच्याकडून कळलं. नळीच्या टोकाजवळ फुगा असतो, त्यात अंदाजपंचे हवा भरली की श्वासनळीचं अस्तर चेपतं. म्हणून तुम्ही तो दाब मोजून 20 ते 30 सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाइतकाच ठेवता. नळीही जमेल तेवढी बारीक घेता. आणि ऑपरेशनच्या तोंडावर चक्क ज्येष्ठमधाच्या पाण्याची गुळणी! "गिळायचं नाही हं, उपास आहे." आमची आजी भजनाआधी ज्येष्ठमधाची काडी गालात धरायची. ती आठवली आणि टेबलावर जाताना मला हसू आलं.

घसा एक दिवस खवखवला, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्यूटी संपवून घरी निघालेल्या तुम्ही, खांद्याला पर्स तशीच ठेवून खाटेशी आलात. "बाई, एकोणतिसाचा पाढा म्हणा बघू." चोक सोळोदरसेपर्यंत खणखणीत म्हटला. शेजारच्या मावशींनी टाळ्या वाजवल्या.

लोकलमध्ये न सांगता सरकून चौथी सीट देणारी माणसं असतात ना, त्यांच्यातल्या तुम्ही.

काल भेटायला आले, तर तुम्ही ऑपरेशन थिएटरात होतात. ओल्या नारळाच्या करंज्या सिस्टरकडे ठेवल्यात. मोजून एकोणतीस आहेत. कमी भरल्या तर त्यांनाच विचारा.

तुमची,
परळच्या शाळेतली गणिताची बाई