परक्यासाठी ठरवून काढलेला वेळ

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की आमच्या मंडळ्यांतून, म्हणजे चर्चच्या उपासक समूहांतून, रात्रीच्या गायनफेऱ्या निघतात, दारोदार कागदी तारे लागतात, करंज्यांचे डबे भरतात आणि एकमेकांकडे आवर्जून जाणे-येणे होते. या आनंदात मी लहानपणापासून वाटेकरी आहे आणि तो कमी व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. तरीही या निमित्ताने माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींशी आणि आपल्या पत्राच्या इतर वाचकांशी मला एका वेगळ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे. ज्यांचे नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही आणि जे उद्या पुन्हा आपल्याला भेटणारही नाहीत, अशा माणसांशी आपण कसे वागतो, आणि ते वागणे आपण त्या-त्या वेळच्या मनःस्थितीवर का सोडून देतो, हा माझा प्रश्न आहे.

मिरजेत राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली येथे मिशनचे रुग्णालय उभे केले, आणि पुढे या गावाची ओळखच दवाखान्यांचे गाव अशी झाली. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही बाजूंच्या रेल्वेगाड्या आमच्या जंक्शनवर येतात आणि प्रत्येक गाडीतून कोणी ना कोणी दुखणे घेऊन उतरते. त्यांना ओळखायला फार वेळ लागत नाही. काखेत एक्स-रेचा मोठा लिफाफा असतो, हातात कापडी पिशवी आणि त्यात जेवणाचा डबा असतो, आणि फलाटावरून बाहेर आल्यावर नेमके कोणत्या बाजूला वळायचे हे न कळून ती माणसे क्षणभर जागच्या जागी उभी राहतात. कर्नाटकच्या सीमेपलीकडून आलेल्यांना बरेचदा मराठी जेमतेम येते. रस्ता कोणाला विचारावा, रिक्षाचे किती द्यावेत, रात्री मुक्काम करावा लागला तर पाठ कोठे टेकावी, हे सारे प्रश्न दुखण्याच्या जोडीला असतातच.

जे मी आता लिहिणार आहे ते लिहायला मला बरीच वर्षे लागली. 2014 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी सांगलीहून मिरजेकडे स्कूटरवरून येत होतो. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल आडवी पडली होती, पाच-सहा माणसे गोळा झाली होती आणि त्यांच्या पायांमधून मला एका तरुणाचा हात दिसला. मनगटावर घड्याळ होते आणि बोटे हलत होती. मी वेग कमी केला. पोलीस, पंचनामा, साक्षीसाठी हेलपाटे, हे सगळे एका क्षणात डोळ्यांसमोर आले, आणि माणसे जमली आहेत, कोणी तरी नेईलच, असे मनाशी म्हणत मी पुढे निघालो. मी प्रार्थनासभेला चाललो होतो. सभेत मी वेळेवर पोहोचलो, गीतही गायलो, पण त्या हाताने माझा पिच्छा सोडला नाही. त्या तरुणाचे पुढे काय झाले हे मला आजतागायत कळलेले नाही.

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे यहूद्यांना परक्या वाटणाऱ्या पंथातल्या एका माणसाचा, दाखला आम्ही शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमेहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. त्या वाटेने आधी याजक म्हणजे पुरोहित गेला, मग लेवी म्हणजे मंदिरातला सेवक गेला, आणि दोघेही त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्या संध्याकाळनंतर हा दाखला मी पुन्हा पुन्हा वाचला, तेव्हा आजवर निसटलेली एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शोमरोन्याला त्या माणसाचा कळवळा आला, एवढे सांगायला लूककृत शुभवर्तमानाला एकच वाक्य पुरते. त्यानंतरचा सगळा तपशील व्यवस्थेचा आहे. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, रात्रभर त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या माणसाला दोन दिनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगून तो निघाला. दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे त्याने वेळ काढला, पैशांचा हिशेब केला, दुसऱ्यावर काम सोपवले आणि पुन्हा येण्याचे कबूल केले. याजकाला आणि लेव्यालाही कळवळा आला नसेल असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. मला तरी त्या संध्याकाळी आला होता.

नुसता कळवळा पुरत नाही, व्यवस्थाही लागते, हे मी आपल्या जिल्ह्याच्या अनुभवावरूनही सांगू शकतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा कोणी कोणाची जात किंवा धर्म विचारला नाही, आणि मिरजेत तर अनोळखी कुटुंबांसाठी लोकांनी आपली घरे उघडली. पूर ओसरला आणि आपापले व्यवहार सुरू झाले. त्यात कोणाला दोष द्यावा असे नाही, कारण संकटातला उमाळा जन्मभर टिकत नाही. त्याच्याही आधी, एप्रिल 2016 मध्ये, लातूरकरांच्या घशाला कोरड पडली असताना मिरज जंक्शनवरून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. ते काम सरकारचे आणि रेल्वेचे होते हे खरे, पण त्यातून मला एक गोष्ट उमगली. लातूरविषयी वाईट सगळ्यांनाच वाटत होते, परंतु जलवाहिनी टाकून, वाघिणी धुऊन आणि वेळापत्रक आखून झाल्यावरच पाणी तेथे पोहोचले.

मंडळीतील आम्ही आठ-दहा जणांनी चार वर्षांपूर्वी म्हणूनच एक वार ठरवला. दर मंगळवारी सकाळी आमच्यापैकी दोघे स्टेशनबाहेर आणि दोघे एका रुग्णालयाच्या आवारात उभे असतात. पाळी वहीत लिहिलेली असते आणि ज्याला जमणार नाही त्याने बदली माणूस द्यायचा असतो. काम अगदी साधे आहे. वाट दाखवणे, केसपेपरच्या रांगेत वृद्धांच्या जागी उभे राहणे, गरम पाण्याचा थर्मास भरून आणणे, रक्त लागणार असेल तर रक्तदाते शोधणे. जेवण झाले का, कोठून आलात, घाबरू नका, एवढे विचारण्या-सांगण्यापुरते कानडी आम्ही शिकून घेतले आहे. गेल्या महिन्यात रायबागकडची एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली होती. तिला आमच्याकडून फक्त इतकेच हवे होते की, ती औषधे घेऊन येईपर्यंत कोणी तरी म्हाताऱ्याजवळ बसावे. मी अर्धा तास बसलो. त्यांनी माझ्या हाताचा अंगठा लहान मुलासारखा धरून ठेवला होता आणि ते त्यांच्या भाषेत काही तरी सांगत होते. त्यातले मला फारसे कळले नाही.

आता एका अवघड मुद्द्याविषयी स्पष्टपणे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. ख्रिस्ती माणूस अनोळखी माणसाच्या मदतीला धावला की, यामागे धर्मांतराचा हेतू असेल अशी शंका काहींच्या मनात येते. ती शंका ऐकून दुखावले जाण्यापेक्षा तिला जागाच राहणार नाही असे वागणे मला अधिक योग्य वाटते. आमचा नियम असा आहे की मंगळवारी कोणाच्या हातात पत्रक द्यायचे नाही, कोणी स्वतःहून मागितल्याखेरीज त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची नाही, आणि कोणाचे छायाचित्र काढायचे नाही. दुखण्याने खचलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही, आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्यापुढे काहीही ठेवणे म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणे होय. शोमरोन्यानेही त्या जखमी माणसाला, तू कोणत्या डोंगरावर उपासना करतोस, म्हणजे तुझा पंथ कोणता, असे विचारले नाही. शिवाय येशूने या दाखल्याचा नायक म्हणून ऐकणाऱ्यांना परक्या वाटणाऱ्या पंथाचा माणूस निवडला, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी विशेषकरून लक्षात ठेवले पाहिजे. आषाढीच्या वाटेवर दिंडीतल्या शेकडो अनोळखी वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापणाऱ्या खेड्यांकडून आम्हाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मंडळीतही एक आक्षेप येतो: आधी आपल्या माणसांचे पाहावे. आपल्या माणसांचे पाहिलेच पाहिजे, पण तेवढ्यावर थांबण्याची मुभा शास्त्र आम्हाला देत नाही. आपल्या बंधूंनाच सलाम करत असाल तर त्यात विशेष ते काय, असे येशूच्या डोंगरावरील प्रवचनातच विचारले आहे. भक्तीनंतर आवारात आम्ही एकमेकांना 'जय ख्रिस्त' म्हणतो, आणि फाटकाबाहेर बसलेल्या माणसाला ओलांडून जातो, तेव्हा हा प्रश्न मला सरळ आमच्याच मंडळीला विचारल्यासारखा वाटतो. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात परदेशी माणसावर स्वतःसारखी प्रीती करा असे सांगताना कारणही दिले आहे: तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात परके होता. परकेपणाची ही आठवण माझ्यापाशीही आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात अकरा रात्री काढल्या. तिसऱ्या रात्री शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी, मी न मागता, मला घड्याळ बघायला सांगितले आणि म्हणाले, "दोन वाजेपर्यंत तुम्ही झोपा, मी तुमच्या वडिलांकडे बघतो, दोननंतर मी झोपेन." उरलेल्या रात्री आम्ही अशाच वाटून घेतल्या. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले.

अपघाताविषयी एक माहिती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून नमूद करतो, कारण सातारा आणि कराडवरून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि आपले जिल्हामार्ग आपण सारेच वापरतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ घालण्यात आले. अपघातग्रस्ताला सद्हेतूने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला या कलमाने संरक्षण दिले आहे. त्यानुसार 2020 मध्ये झालेल्या नियमांप्रमाणे, अशा माणसावर आपले नाव, पत्ता किंवा फोन क्रमांक सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि साक्षीदार व्हायचे की नाही हे तो स्वतः ठरवतो. कायद्याच्या इंग्रजी भाषेत अशा माणसाला 'गुड समॅरिटन', म्हणजे चांगला शोमरोनी, असेच म्हटले आहे. 2014 मध्ये हे कलम नव्हते. पण असते तरी मी थांबलो असतो की नाही, हे मला खात्रीने सांगता येणार नाही, कारण थांबायचे असे मी आधी ठरवलेले नव्हते. आता ठरवले आहे, आणि स्कूटरच्या डिकीत जखम बांधायच्या पट्ट्या आणि पाण्याची बाटली असते.

सांगली, मिरज, सातारा, वाई, कराड येथील मंडळ्यांना माझी विनंती आहे की, या नाताळात प्रत्येकीने आठवड्याचा एक वार आणि एक जागा ठरवावी. ती रुग्णालयाची पायरी असो, एसटी स्थानक असो किंवा कारखान्याच्या हद्दीतल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या असोत. ही माणसे दर हंगामात बीडकडून येतात, पहाटेच्या थंडीत फडात उतरतात, आणि नाताळच्या रात्री आमचे गायन चालू असते तेव्हा त्यांची लेकरे पाचटाच्या खोपटात झोपलेली असतात. आम्ही अजून तिकडे गेलेलो नाही. या हंगामात जाणार आहोत, आणि काय हवे ते त्यांनाच विचारून मग ठरवणार आहोत.

आपल्याकडेही एक मागणी आहे. मिरज-सांगलीत रुग्णांच्या नातेवाइकांना अल्प दरात जेवण, मुक्काम आणि आंघोळीची सोय कोठे मिळते, याची छोटी चौकट आपण आठवड्यातून एकदा आपल्या पत्रात छापावी, आणि शक्य असल्यास तिच्या दोन ओळी कानडीतही द्याव्यात. माणसे जुना अंक पुडीला वापरतात, बाकावर अंथरतात, आणि तसे करतानाही वाचतात. ही माहिती प्रत्यक्ष जाऊन तपासण्याचे आणि दर सोमवारी आपल्या कार्यालयात आणून देण्याचे काम आमच्या वहीत आजच लिहून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, मिरज