'थोडे' आणि 'थोडेच'

संपादक महोदय,

दहावीच्या इंग्रजीत वर्षानुवर्षे एक प्रश्न ठरलेला आहे: दोन 'ओ'वाला 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा. मुले तो झटक्यात सोडवतात. 'टू'च्या जागी 'सो', पुढे 'दॅट', मग 'कॅनॉट', भूतकाळ असेल तर 'कुड नॉट'. गुण मिळतो आणि विषय संपतो. हीच मुले पुढे मुलाखतीला बसतात तेव्हा 'द ऑफर इज टू गुड' आणि 'आय हॅव लिटल एक्सपीरियन्स' म्हणतात, आणि समोरच्याच्या कानावर भलताच अर्थ पडतो. काळ आणि प्रयोग यांवर शाळेत महिने जातात. किती, केवढे, कितपत हे सांगणाऱ्या बारक्या शब्दांच्या वाट्याला जेमतेम एखादा तास येतो. रोजच्या बोलण्यात गफलत होते ती मात्र याच शब्दांची.

'टू'चा घोळ आपल्या 'फार'मुळे होतो. 'चहा फार गरम आहे' हे कौतुकही असू शकते आणि तक्रारही. इंग्रजीत या दोन अर्थांना दोन शब्द आहेत. 'व्हेरी' फक्त प्रमाण सांगतो. 'टू' म्हणजे मर्यादा ओलांडली आणि त्यापायी काहीतरी अडले. 'द लोकल वॉज व्हेरी क्राउडेड' म्हणणारा दादरला दारात लटकून का होईना, चढला असेल. 'द लोकल वॉज टू क्राउडेड' म्हणणारा फलाटावरच राहिला. पडताळा अगदी सोपा आहे: मराठी वाक्यात 'फार'च्या जागी 'जरा जास्तच' घालून पाहावे. बसले तर 'टू', नाहीतर 'व्हेरी'. 'तुमची मुलगी जरा जास्तच हुशार आहे' असे आपण शेजाऱ्यांना कौतुकाने म्हणणार नाही. म्हणूनच 'टू इंटेलिजंट'ही म्हणू नये. 'टू गुड' आपल्याकडे सगळ्यांना शाबासकी म्हणून कळते, पण परदेशी माणूस वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट पाहत राहतो: इतके चांगले की खरे वाटत नाही, असे काही म्हणायचे आहे का?

यापेक्षा महाग पडते ती 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतली चूक. 'आय हॅव लिटल एक्सपीरियन्स' याचा अर्थ अनुभव जवळपास नाही. उमेदवाराला म्हणायचे असते 'थोडा अनुभव आहे', म्हणजे 'अ लिटल' किंवा सरळ 'सम'. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचेही तसेच. हा फरक मुलांच्या डोक्यात शिरत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण तो त्यांच्या तोंडी लहानपणापासून आहे! 'डब्यात थोडे पोहे आहेत' म्हटले की आपण खायला बसतो. 'डब्यात थोडेच पोहे आहेत' म्हटले की हात आखडतो. पोहे तेवढेच, बदलला तो बोलणाऱ्याचा हिशेब, आणि तो बदलला एका 'च'ने. इंग्रजीत हेच काम उलट्या बाजूने होते: 'अ' लावला की 'थोडे आहे', काढला की 'थोडेच आहे'. फळ्यावर ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिली की व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांतही मराठी कान निम्मी वाट दाखवतो. 'दोन माहित्या' किंवा 'चार सामाने' असे कोणी म्हणत नाही, तरी अर्जात 'इन्फर्मेशन्स' आणि प्रवासात 'लगेजेस' येतात. तिथे स्वतःच्या भाषेचे ऐकावे. जिथे मराठी वेगळी चालते तेवढे शब्द मात्र निराळे काढून घोटून घ्यावे लागतात. आपण 'दोन सल्ले' देतो, पण 'ॲडव्हाइस'ला अनेकवचन नाही. 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावे लागते. आपले केस गळतात ते अनेकवचनात, पण डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर' एकवचनीच, म्हणून 'माय हेअर इज फॉलिंग आउट'. 'कमी'लाही दोन शब्द आहेत: माणसे 'फ्यूअर', पाणी 'लेस'. पैसा, वेळ आणि अंतर यांना आकडा लागला तरी तो एकच ढीग समजतात, म्हणून 'लेस दॅन टेन मिनिट्स' आणि 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज' हे बरोबर.

सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांवर तर स्वतंत्र धडा हवा. मराठीत एकच शब्द घड्याळाला, वजनाला आणि शेकड्याला चालतो. इंग्रजीत प्रत्येकाची वाट वेगळी. साडेसात किलो 'सेव्हन अँड अ हाफ किलोज', पण साडेसात वाजता 'हाफ पास्ट सेव्हन'. पावणेदोन वाजता 'क्वार्टर टू टू', पावणेदोन किलो 'वन अँड थ्री क्वार्टर किलोज', आणि पावणेदोनशे म्हणजे १७५, 'वन हंड्रेड अँड सेव्हंटी फाइव्ह'. दीड तासाला 'वन अँड हाफ अवर' म्हणतात तेव्हा चुका दोन होतात: मधला 'अ' गळतो आणि अनेकवचनही गळते. मराठीत दीडला 'तास' बदलत नाही, इंग्रजीत एकाच्या पुढे गेले की 'अवर्स'. शेकडा, हजार, लाख असेल तर आधी आकडा लिहावा, मग वाचावा. अडीच लाख आपण २,५०,००० लिहितो. परदेशी कंपनीच्या हिशेबात तेच २५०,००० होते आणि 'टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड' वाचले जाते. १० लाखांचा एक मिलियन, १ कोटीचे दहा. स्वल्पविराम चुकला तर पाहणाऱ्याचा आकड्यावरचा विश्वासच उडतो.

'इनफ' विशेषणाच्या मागून येतो, नामाच्या आधी: 'बिग इनफ', पण 'इनफ मनी'. 'पुरेसे मोठे' या मराठी क्रमामुळे 'इनफ बिग' होते. 'वन ऑफ द बेस्ट' नंतर अनेकवचन हवेच, कारण पुष्कळांतला एक सांगायचा आहे. आणि 'आय वर्क हार्डली' म्हणजे 'मी काम जवळजवळ करतच नाही'. कष्ट घेतले असतील तर 'हार्ड'वर थांबावे.

अंधेरी किंवा पवईतल्या कार्यालयांत बसून इंग्लंड-अमेरिकेशी रोज बोलणाऱ्यांनी 'क्वाइट' जपून वापरावा आणि जपूनच ऐकावा. अमेरिकन माणसाचे 'क्वाइट गुड' बहुधा मनापासूनचे असते. इंग्रज माणसाचे अनेकदा आपल्या 'ठीक आहे, बरे आहे' इतकेच असते. 'क्वाइट इम्पॉसिबल'मध्ये मात्र दोघांचाही अर्थ 'साफ अशक्य'. 'फेअरली' आणि 'रादर' दोन्ही 'बऱ्यापैकी'च, पण हवेसे असेल तर पहिला आणि नकोसे असेल तर बहुधा दुसरा: खोली 'फेअरली वॉर्म' असेल तर बसावेसे वाटते, 'रादर वॉर्म' असेल तर पंखा लावावासा वाटतो.

अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका ठरवणाऱ्यांना एकच विनंती आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत मूल दहा वर्षे ती शिकते. त्याला 'टू' काढायला लावण्याऐवजी लोकलची वर दिलेली दोन वाक्ये द्यावीत आणि विचारावे: यांतला कोण गाडीत चढला, आणि ते कोणत्या शब्दावरून कळले?

आपला विश्वासू,
इंग्रजीचा एक शिक्षक, परळ, मुंबई