केनिया वर, टांझानिया खाली; पण कुणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आफ्रिकी देशांचा दरडोई उत्पन्नानुसार लावलेला तक्ता वाचला. केनिया वर, टांझानिया बराच खाली. आकड्यांबद्दल तक्रार नाही. केनियाचं दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २,००० डॉलर आणि टांझानियाचं १,२०० च्या आसपास आहे. पण तक्त्याखाली ‘राहणीमानात केनिया सरस’ असा निकाल देऊन टाकला आहे, तो मला पटला नाही. मी आधी नैरोबीत आणि नंतर दार-ए-सलाममध्ये शाळेत गणित शिकवलं, दोन्हीकडे संसार मांडला. तिकडच्या नोकरीचं पत्र हातात आलेली आमच्या भागातली मुलं माझ्याकडे विचारायला येतात, तीही असलाच एखादा तक्ता मोबाइलवर घेऊन. म्हणून हे पत्र.

केनियाकडे जे आहे ते खरंच आहे. जवळपास तीन चतुर्थांश लोकांपर्यंत वीज पोहोचली आहे. टांझानियात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास. आणि ही वीज बरीचशी नैवाशाजवळच्या ओल्कारियात जमिनीखालच्या वाफेवर तयार होते. २००७ मध्ये एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, सुरू झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई पगार हातात पडला की रस्त्यावरच्या टपरीवर जाऊन पैसे भरायच्या आणि काही क्षणांत ते काकामेगाजवळच्या गावी त्यांच्या आईला मिळायचे. बँकेचं तोंड न पाहिलेल्या घरांना याचा केवढा आधार झाला, ते मी पाहिलं आहे. शिवाय नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास १,८०० मीटर उंचावर, त्यामुळे शहरात मलेरियाची भीती फारशी नाही. दार-ए-सलाममध्ये (पुढे नुसतं ‘दार’) मच्छरदाणीशिवाय झोपायची सोय नाही आणि दमट उकाड्यात दुपारी पाचवा तास घेणं म्हणजे शिक्षेसारखं असतं.

पण त्याच नैरोबीत अंधार पडायच्या आत घर गाठायचं, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. कुंपणावर विजेच्या तारा, फाटकावर अस्कारी म्हणजे पहारेकरी, मॉलमध्ये शिरताना गाडीखाली आरसा फिरवून तपासणी. २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवरच्या हल्ल्यात ६७ माणसं गेल्यावर तर हे सगळं आणखी वाढलं. किबेरासारख्या झोपडवस्त्यांत कॅनने पाणी विकत घेणारी बाई, नळ असलेल्या बंगल्यापेक्षा लिटरमागे जास्त पैसे मोजते. दरडोई सरासरी काढताना हे दोघेही एकाच आकड्यात जातात.

दारमध्ये संध्याकाळी मी एकटी चालत बाजारात जायची. किरकोळ चोऱ्या तिथेही होतात, पाकीट सांभाळावं लागतंच, पण पोटात गोळा येत नसे. बजाजी (आपल्या पुण्याच्या बजाजची रिक्षा, तिथे तिला हेच नाव) रात्री नऊलाही घरापर्यंत सोडायची. शाळेतली मुलं वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामू’ (मोठ्यांना करायचा नमस्कार) म्हटल्याशिवाय पुढे जात नसत, मग तो मोठा माणूस शाळेचा झाडूवाला का असेना. आणि सरासरी आयुर्मान पाहा: टांझानियात ते ६७ च्या घरात, केनियात ६४ च्या आसपास. हा रकाना तुमच्या तक्त्यात असता तर क्रम उलटा लागला असता.

हे आपोआप झालं नाही. टांझानियात शंभरावर जमाती आहेत. पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी १९६७ पासून प्राथमिक शाळेत सगळ्यांना स्वाहिलीतून शिकवलं आणि जमातीच्या नावावर राजकारण होऊ नये असा कटाक्ष ठेवला. त्याची किंमतही लोकांनी मोजली. खेडुतांना उचलून नव्या गावांत बसवलं गेलं, नंतर दुकानं रिकामी पडली. १९७१ मध्ये भाड्याच्या इमारती सरकारजमा झाल्याचं दारच्या उपांगा भागातले म्हातारे गुजराती व्यापारी अजून सांगतात. शाळेचंही एक दुखणं राहिलंच. सातवीपर्यंत स्वाहिली आणि फॉर्म वनपासून (म्हणजे आठवीपासून) एकदम इंग्रजी. वर्गात हुशार मुलं गप्प होत. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तरीही केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर जाळलं, अकराशेवर माणसं मेली, लाखो बेघर झाली. तेव्हा मी नैरोबीतच होते. टांझानियाच्या मुख्य भूमीवर जमातीवरून असं पेटलेलं मला आठवत नाही.

म्हणजे टांझानिया सरस? असंही मी म्हणणार नाही. जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध केनियातली तरुण मुलं थेट संसदेत घुसली. कित्येक जण गोळीबारात मेले आणि त्याचा जाब सरकारला द्यावाच लागेल. पण दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी करवाढीचं ते विधेयक मागे घेतलं, तेही खरं. टांझानियात ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीआधी विरोधी नेते तुंडू लिसू देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते आणि त्यांचा पक्ष निवडणुकीबाहेर होता. निकालात राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना जवळपास ९८ टक्के मतं. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा दारमध्ये संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, माणसं मारली गेली. त्या दिवसांत माझ्या जुन्या सहकारी शिक्षिकांपैकी एकीलाही फोन लागत नव्हता. ज्या शहरात मी निर्धास्त फिरले, तिथल्या माणसाला सरकारविरुद्ध बोलायची सोय नाही, हेही त्या देशाच्या राहणीमानातच मोजलं पाहिजे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा उत्पन्नाच्या शेजारी आयुर्मान, घरात वीज असलेल्यांचं प्रमाण आणि विरोधकांना निवडणूक लढवता येते की नाही, हे तीन रकाने जरूर द्यावेत. आणि नोकरीसाठी निघालेल्या मुलांनी पगाराबरोबर मालकाला दोन गोष्टी विचाराव्यात: घर कुठल्या भागात देणार, आणि आजारपणाचा खर्च कोण करणार.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली