दिवस भरेपर्यंत

सोलापूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय शैले,

परवा तुझा फोन मध्येच ठेवला, राग मानू नकोस. "मनवाला अडवू का गं?" असं तू विचारलंस आणि नेमकी तेव्हाच लेबर रूममधून हाक आली. सुटले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. तसंही हे फोनवर सांगायला मला जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

तर पोरीला गायनॅकला जागा मिळाली, आणि पुढे फेलोशिप करून फक्त जोखमीची बाळंतपणंच बघायची म्हणते. साडेपाच वर्षं एमबीबीएसची, तीन गायनॅकची, त्यात सरकारी सेवेचा बाँड, वर फेलोशिप. तिशी कधी आली ते कळणार नाही. लग्नाचं तुम्ही मायलेकी बघा, त्यात मी पडत नाही.

आपल्याकडे बाईला दिवस जातात आणि मग ते भरतात. ज्यांचे सरळ भरतात त्या माझ्यापर्यंत येतच नाहीत. माझ्याकडे येते ती तिसाव्या आठवड्यात, वरचं बीपी १७० घेऊन. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे, चपलेत पाय जात नाही, आणि सासू शेजारी उभी राहून सांगते, "सूज काय, आमच्या वेळी सगळ्यांनाच यायची." याच्यावर खरा उपाय एकच, वार (प्लॅसेंटा) बाहेर काढणं, म्हणजे बाळंतपण करून टाकणं. पण बाळ असतं जेमतेम सव्वा किलोचं. आईला मोकळं करावं तर त्याची फुप्फुसं कच्ची, आणि थांबावं तर आईला फिटचे झटके येतील.

मग आम्ही दिवस उसने मागतो. आधी दोन दिवस, डेक्सामेथासोनच्या चार इंजेक्शनांपुरते, बारा-बारा तासांनी एक. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. हे सापडलं कुठे, तर न्यूझीलंडमध्ये, मेंढ्यांत! लिगिन्स नावाचे डॉक्टर वेगळंच काही शोधत होते. जगायलाच नको इतक्या लवकर जन्मलेलं एक कोकरू श्वास घेताना दिसलं, आणि ते तिथे थबकले. १९७२मध्ये त्यांनी आणि हॉवी यांनी बायकांवरची चाचणी छापली. मला ही गोष्ट फार आवडते, दर बॅचला सांगते. मुलं आता कंटाळलीत.

झटके टाळायला मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. शिरेतून ४ ग्रॅम, मग दोन्ही कुल्ल्यांत ५-५. इतकं दुखतं की बाई आमच्या सात पिढ्या उद्धरते. पुढचा डोस चार तासांनी, पण त्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून बघायचं, पाय उडतो का. नाही उडाला तर डोस नाही, कारण औषध अंगात जास्त झालं की पुढची पाळी श्वासाची. मी रेसिडेंट असताना वॉर्डातली हातोडी कायम हरवलेली असायची. तळहाताच्या कडेनं ठोकून मी रात्रीच्या रात्री काढल्यात. आणि झटके आल्यावर हे औषध द्यायचं हे तेव्हा ठरलेलं होतं, पण येण्याआधीच द्यावं का, यावर सीनियर भांडायचे. २००२मध्ये 'मॅगपाय' चाचणीचा निकाल आला, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांचा. झटक्यांचा धोका निम्म्यावर आला होता. भांडण मिटलं.

एक गोष्ट मात्र तुला कधी बोलले नाही. एका बाईचा एकतिसावा आठवडा, बाळाची वाढ खुंटलेली, डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दिसत होतं की दोन ठोक्यांच्या मध्ये नाळेतलं रक्त पुढे सरकतच नाही. इंजेक्शनं पुरी व्हायला एक दिवस हवा होता. पुस्तकाप्रमाणे थांबणं बरोबर होतं, मी थांबले. सकाळी ठोके सापडेनात. मी मशीन बदललं, कूस बदलायला लावली, पुन्हा शोधलं. ती एक शब्द बोलली नाही. फक्त पोटावरचा माझा हात उचलून बाजूला ठेवला. आजही त्या आठवड्यातली बाई आली की मी डॉपलर एकदा जास्तच करते. त्याचा उपयोग किती, विचारू नकोस.

सगळंच असं नसतं गं. पाचव्या महिन्यात तीनदा गर्भ गेलेली एक बाई होती, दरवेळी कळांशिवाय. गर्भाशयाचं तोंडच आधी उघडायचं. चौदाव्या आठवड्यात टाका घातला. हा टाका आपल्या शिरोडकरांचा, शिरोड्यात जन्मलेले, मुंबईला जे. जे.मध्ये होते. १९५५मध्ये त्यांनी तो मांडला. सुरुवातीला बाईच्याच मांडीतली चिवट पट्टी काढून त्यानं तोंड बांधायचे! आम्ही बहुतेकदा मॅकडोनाल्डचा सोपा टाका घालतो, पण बायकांच्या तोंडी तो शिरोडकर टाकाच. सदतिसाव्या आठवड्यात काढायला घेतला तर म्हणते, "राहू द्या की अजून आठ दिवस, सवय झालीय." आख्खा वॉर्ड हसला.

मनवा हुशार आहे, हातही चांगला असेल. मला काळजी वेगळीच. मटकीला मोड आले का बघायला दर तासाला फडकं सोडायची ना ती? तू ओरडायचीस. आमच्या कामात फडकं बांधून बसावं लागतं, आणि नेमकं कधी सोडायचं ते कुणी सांगत नाही. ती सवय अजून आहे का, ते तूच मला कळव.

अडवू तर अजिबात नकोस. दिवाळीत निम्मे रेसिडेंट गावी जातात, तेव्हा आठ दिवस माझ्याकडे पाठव. फराळ मी करणार नाही, तो तूच दे. नाइटला माझ्याबरोबर बसू दे. हातोडी मात्र स्वतःची आणायला सांग.

तुझी,
वासंती