माईची सही

26 मे 2024

प्रिय बाळू,

पाकीट बघून वहिनींना वाटेल, गावात कोणाचं तरी काही झालं. कोणाचं काही झालेलं नाही. माझी साखर आटोक्यात आहे, हिचे गुडघे जिथल्या तिथे. फोन करणार होतो. दोनदा तुझा नंबर काढला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मी भांडायला लागतो, आणि हे भांडत सांगायचं काम नव्हे.

तर सरळच सांगतो. गेल्या दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या हजेरी रजिस्टरात माईची सही आहे. ती मी केली.

माईकाकीच्या बाराव्याला तू आला होतास. जेवलास, पडवीत एकटाच बसलास आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परतीच्या गाडीला गेलास. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी मी तिची सही केली. कशी केली तेही ऐक, कारण ती सही तूच शिकवलेली. साक्षरता वर्गात, गॅसबत्तीच्या उजेडात, तिचा हात धरून. आडनावातला शेवटचा 'र' कायम रेघेबाहेर पडायचा आणि तू म्हणायचास, "माई, र पळाला, धरा त्याला." मी तो पळालेला 'र'सुद्धा बरोबर काढला, बाळू. हात थरथरवून काढला. चोराला एवढी कला कुठून येते कोण जाणे.

झालं असं. ठराव तोच, आपल्या कातळाच्या सड्यावर तेलाची रिफायनरी नको. मतदार 520. कोरम पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं कमी ते, म्हणजे 78 डोकी हवीत. आली 61. हळवं भात कापणीला आलेलं, वर पावसाचं सावट, कोण येणार? निम्मी नावं तुमच्यासारख्या चाकरमान्यांची, मत गावात आणि माणूस डोंबिवलीत. ग्रामसेवक घड्याळ बघायला लागला. मी बाहेर येऊन मुंबईला सोळा फोन लावले, तुमची सही मी करू का म्हणून. सोळाही म्हणाले, "कर रे, विचारतोस काय!" सतरावी कुठून आणू? माईचं नाव मतदार यादीतून अजून निघायचं होतं. मला त्या घटकेला खरंच वाटलं की ती तिथेच आहे, मागच्या भिंतीला टेकून, तंबाखू मळत.

ती असती तर पहिली सही तिचीच असती, हे मी स्वतःला आठ महिने सांगतोय. तुला सांगायची सोय नाही. तू म्हणशील, असती तर. नव्हती ना?

एप्रिल 2023 तू पाहिला नाहीस. माती परीक्षणाच्या मशिनी आल्या तेव्हा बारसूच्या सड्यावर बायका गाड्यांसमोर आडव्या पडल्या, हे तू टीव्हीवर बघितलं असशील. टीव्हीवर कातळ किती तापतो ते कळत नाही. चप्पल काढली की पाय भाजतो. माई लुगड्याचा पदर डोक्याखाली घेऊन त्यावर पडलेली, शेजारी पेजेचा डबा. दोन पोलीस पोरी उचलायला आल्या, विशीतल्या असतील, एकीच्या डोळ्यांत पाणी. माई म्हणते, "उचला गो बायांनो, पन हळू. गुडघा दुखतो माजा." त्यांनी खरंच हळू उचललं. गाडीत बसवल्यावर माईने डबा उघडून त्यांनाच विचारलं, पेज घेता काय. अठ्ठावीस तारखेला अश्रुधूर सोडला तेव्हा माई डोळ्यांना ओला पदर लावून बसली आणि तुझी आठवण काढली. "बाळग्या असता तर पोलिसास्नी कायदा वाचून दाकवला असता."

वाचून दाखवलाच असतास. खिशात पुस्तक घालून फिरणारा माणूस तू. 2018 साली हीच रिफायनरी नाणारला येणार होती, त्या वेळी आपण सह्यांचे कागद घेऊन वाड्या फिरत होतो, तेव्हा प्रत्येक कागद तू देवळात मोठ्याने वाचायला लावायचास. भंडारवाडीत बायकोने नवऱ्याची सही केली म्हणून तू ती खोडलीस, आणि तो बिचारा रात्री सही करायला गॅस एजन्सीवरून चालत आला. मी तुला तलाठ्याचा आत्मा म्हणालो. तू म्हणालास, "समोरच्याकडे तीन लाख कोटी आहेत, आपल्याकडे हा कागद. तो फाटका नको." मी सगळ्यांसमोर हसलो. ते हसणं तुला लागलं, हे मला कळलं होतं. कबूल केलं नाही, एवढंच.

मग मार्च 2019 ला नाणारची अधिसूचना रद्द झाली. मी ढोल काढला, आणि तू पायरीवर बसून म्हणालास, "रद्द नाही झालं, सरकलंय." त्या रात्री मी तुला काय काय बोललो! जानेवारी 2022 मध्ये नवी जागा म्हणून बारसूचं नाव दिल्लीला कळवलं गेलं, तेव्हा सगळ्यात आधी तुझी पायरी आठवली. आणि तू मेल्या, 'बघ, मी म्हणालो होतो' म्हणायलासुद्धा फोन केला नाहीस. केला असतास तर बरं झालं असतं.

आता खरी गोष्ट. गेल्या गुरुवारी तो आला. कोण ते तुला कळलंच. जमिनींचा व्यवहार बघणारा, ज्याने आपल्या पलीकडच्या वाडीतली जमीन अधिसूचनेच्या आधीच कोणाकोणाच्या नावावर करून दिली, तोच. ओटीवर बसला, चहा घेतला, आंब्याची चौकशी केली. मग खिशातून घडी काढून बशीखाली सरकवली. रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. माहितीच्या अधिकारात काढलेली, दहा रुपयांचा अर्ज, पानाला दोन रुपये. जे हत्यार तू आम्हाला चालवायला शिकवलंस, तेच. माईच्या सहीभोवती लाल गोल. म्हणाला, "तुमच्या काकी गेल्या कधी हो? मला तारीख आठवेना."

पुढची गंमत ऐक. पानाच्या उजव्या कडेला उभी काळी रेघ होती. माझ्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनची! तू जिची थट्टा करायचास, "हा तुझ्या दुकानाचा ट्रेडमार्क", तीच. म्हणजे जास्तीच्या प्रती त्याने माझ्याच दुकानातून काढून घेतल्या. पोराने गल्ल्यात पैसे घेतले आणि संध्याकाळी मला हिशेबसुद्धा दिला.

धमकी त्याने दिली नाही. एवढंच म्हणाला, सड्यावरच्या सामायिक सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत, एकोणीस जणांनी संमती दिली, तुम्ही दिलीत तर बाकीचे देतील. कुठे काही बोलायचं मला कारण उरणार नाही. हिने कपबशा उचलल्या आणि आत जाऊन मोरीत भांडी आपटली. तिला काही सांगितलेलं नाही, पण ते आपटणं मला कळतं.

तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी तालुक्याला गेलो, एका वकिलाला भेटलो. फी देऊन जे ऐकलं ते ऐकून तू हसशील किंवा कपाळावर हात मारशील. कोरम झाला नाही तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. फक्त विषय तेच हवेत, नवा घेता येत नाही. म्हणजे मी गप्प बसलो असतो, तर पुढच्या सभेत त्याच 61 माणसांत ठराव नियमाने झाला असता. तुझ्या पुस्तकात हे असणारच. आठवतं, ग्रामसभेचे नियम वाचून दाखवायला तू एकदा आम्हाला रात्री बसवलं होतंस आणि मी अर्ध्यातून मासे आणायला उठलो? मला वाटतं तो नियम तेव्हाच येऊन गेला.

वकील आणखी एक म्हणाला. एमआयडीसीचा जो 1961 चा कायदा, त्यात जमीन घ्यायला ग्रामसभेची संमती लागतच नाही. कलम 32(2) ची नोटीस काढतात, हरकती ऐकतात, पुढे जातात. "तुमच्या ठरावाला तसा अर्थ काय?" म्हणाला. अर्थ आहे हे मला माहीत आहे, तुलाही. उद्या पर्यावरणाची जनसुनावणी लागली, तर महिनाभर आधी नोटीस, जिल्हाधिकारी समोर, कॅमेरा चालू. तिथे हाच ठराव आपण ठेवणार. आणि तिथेच कोणी उभा राहून ही झेरॉक्स दाखवली की संपलं. एक खोटी म्हणजे सगळ्या खोट्या. जी 61 माणसं चिखल तुडवत आली होती तीही खोटी. हे मला खातंय. माझी बेअब्रू गेली चुलीत.

आणि माईसुद्धा. सड्यावर पडलेली माई पेपरात 'मयत महिलेची बोगस सही' म्हणून येणार.

भाऊकाका म्हणतात, गप्प बस, असल्या सह्या कुठे होत नाहीत? घरकुलाच्या यादीला होतात, रस्त्याच्या कामाला होतात. खरंय ते. म्हणूनच तर आपण चिडायचो ना?

मी ठरवलंय. येत्या रविवारी, 2 जूनला, देवळात गावकी आहे. मृगाच्या आधी, चाकरमानी परत जायच्या आत. तिथे उठून सांगणार. माईची सही मी केली, बाकी सोळा मी केल्या, ही त्यांची नावं. ग्रामपंचायतीला लेखी देणार आणि पुन्हा ग्रामसभा मागणार. माझ्यावर काय व्हायचं ते होईल. पण बाळू, लोक उठून गेले तर? पोरं म्हणतील, तुम्ही आम्हाला पाच वर्षं शिकवलंत आणि तुम्हीच? त्यांना काय उत्तर देऊ ते सुचत नाही. रात्री सड्यावर जाऊन आलो. कातळात कोरलेले ते दोन वाघ आणि मधला माणूस, ज्याच्या छातीवर बसून आपण करवंदं खायचो, ते चित्र आता युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, शेजारी फलक वगैरे. तिथे बसलो तर डासांनी फोडून काढलं. घरी आलो.

तुझं कसं चाललंय? ब्लॉकचं काम झालं का? पोरीचा बारावीचा निकाल लागला असेल, मार्क कळव. वहिनींच्या आईंचं ऐकलं, भेटायला यायला हवं होतं, राहिलं. आंब्याची पेटी धाडतोय, वरच्या दोन थरांतलं आधी खा.

शनिवारी रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेस धर. राजापूर रोडला सकाळी मी गाडी घेऊन उभा असेन. तू काही बोलू नकोस, पायरीवरच बसलास तरी चालेल. फक्त ते पुस्तक आण. आणि लाउडस्पीकरच्या रिक्षाचे आठशे रुपये माझ्याकडे निघतात असं तू अजून म्हणतोस म्हणे. तुझ्याकडे निघतात. पावती माझ्याकडे आहे, खरी.

तुझा,
तलाठ्याला हसलेला